मुलांच्या मेंदूतील दुर्मिळ अर्बुदांवरील चाचण्या आपल्याकडे व्हाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या मेंदूच्या देठात होणाऱ्या डीआयपीजी या अर्बुदाचे निदान झाल्यावर बहुतेक मुलांना जेमतेम वर्षभराचे आयुष्य लाभते. श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या भागातच ही गाठ निरोगी पेशींत मिसळून वाढत असल्याने ती कापून काढता येत नाही. किरणोपचारांनी काही महिने उतार पडतो. त्यापलीकडे आयुष्य वाढवणारी केमोथेरपी अनेक दशकांच्या चाचण्यांनंतरही सापडलेली नाही.

याचे एक मोठे कारण म्हणजे, एमआरआयवरून निदान होत असताना धोका कशाला पत्करायचा, या विचाराने गाठीचा तुकडा फारसा कोणी तपासतच नसे. अनुभवी हातांनी ही बायोप्सी पुरेशी सुरक्षितपणे करता येते, हे फ्रान्समधील शल्यविशारदांनी दाखवून दिले आणि 2012 मध्ये यांतील बहुसंख्य गाठींत हिस्टोन एच3 या प्रथिनाच्या जनुकातील एक ठरावीक बदल आढळला. संशोधनाला खरी दिशा तेथून मिळाली.

हा बदल असलेल्या आणि उपचारांनंतरही वाढलेल्या अर्बुदांसाठी ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला त्वरित मान्यता, म्हणजे प्राथमिक पुराव्यांवर दिली जाणारी मान्यता, मिळाली. बातमी आनंदाचीच आहे. परंतु ज्या 50 रुग्णांच्या निष्कर्षांवर ही मान्यता उभी आहे, त्यांत बहुतेक प्रौढ होते, गाठ आकसण्याचा प्रतिसाद 22 टक्क्यांनाच मिळाला आणि डीआयपीजीचे रुग्ण त्या मोजणीत धरलेलेच नव्हते. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर मुलांच्याच काटेकोर चाचण्यांतून मिळवावे लागेल, आणि आजार इतका दुर्मिळ आहे की एका देशाचे रुग्ण त्यासाठी पुरणार नाहीत.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत बदल करून केलेल्या कार-टी उपचारांनी हाच जनुकीय बदल असलेल्या 11 पैकी काही रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, एकाची तर पूर्ण नाहीशी झाली. या पेशी घडवण्याचे तंत्र आपल्याला नवखे नाही. रक्ताच्या कर्करोगासाठी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या नेक्सकार19 या उपचाराला 2023 मध्येच मान्यता मिळाली आहे. असे असताना आपली मुले अशा चाचण्यांबाहेर राहावीत, हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

‘आमच्या लेकरावर प्रयोग नको’ ही पालकांची भीती समजण्यासारखी आहे. औषधांच्या चाचण्यांसाठीच्या 2019 च्या केंद्रीय नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई देणे बंधनकारक आहे, हे त्यांना निदानाच्या वेळीच मराठीत, घाई न करता सांगायला हवे.

माझी केंद्र आणि राज्य शासनाला विनंती आहे की, मोठ्या सरकारी रुग्णालयांत या मुलांची बायोप्सी आणि गाठीची जनुकीय तपासणी विनामूल्य व्हावी आणि अनेक केंद्रांनी मिळून चालवायच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र निधी द्यावा. औषध कंपन्यांना एवढ्या थोड्या रुग्णांत नफा दिसत नसल्याने हा खर्च सार्वजनिक पैशातूनच करावा लागेल.

आपला,
एक वाचक, सांगली