‘मंथ एंड’ आणि उघडा सर्व्हर

महोदय,

अंधेरीतल्या एका खासगी कार्यालयात मी आयटी सांभाळतो. सगळ्यांचे मोबाइल ज्या सर्व्हरवरून लॉक करता येतात, पुसता येतात, तोच फोडला तर? जुलै 2023 मध्ये नॉर्वेच्या 12 मंत्रालयांना हा फटका बसला. इवांती कंपनीच्या ईपीएमएम या अशाच मोबाइल सांभाळणाऱ्या प्रणालीत एका त्रुटीमुळे पासवर्डशिवाय शिरून नावे, फोन नंबर वाचता येत होते, नवा अ‍ॅडमिनही बनवता येत होता. त्रुटीची तीव्रता 10 पैकी 10!

आमच्याकडे पॅचसाठी (त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटसाठी) सर्व्हर जरा बंद ठेवू म्हटले, की ‘मंथ एंड आहे, पुढच्या आठवड्यात बघू’ हे ठरलेले उत्तर. चोर काय मंथ एंड बघून येतो? सायबर हल्ला कळल्यावर 6 तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचा नियम 2022 पासून आहे. तशीच पॅचची मुदतही सगळ्या कंपन्यांना बांधून द्यावी.

– एक आयटी कर्मचारी, मुलुंड