ताई, तुम्ही तो प्रश्न विचारलात म्हणून

आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताईंना,

ताई, समोर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. म्हणून लिहून टाकते, आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहिते.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव मी पहिल्यांदा नागपुरात ऐकलं, एमआरआय झाल्यावर. त्याआधी दोन वर्षं वाया गेली होती. डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं तेव्हा चष्मा बदलून मिळाला. रोवणीत पाय बधिर झाले तेव्हा अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं आवरण खराब करते, हे सासूबाईंना कसं समजावणार? त्यात सिंदेवाहीहून नागपूरची प्रत्येक खेप म्हणजे गाडीभाडं, यांची रोजी बुडणार, आणि परतल्यावर दोन दिवस मी अंथरुणात. दोन तारखा चुकल्या, तेव्हा तुम्ही स्वतः डॉक्टरांशी बोलून व्हिडिओवर तपासणी ठरवलीत.

उपकेंद्रात रेंज फक्त मागच्या पायरीवर. तिथं खुर्ची टाकून तुम्ही माझा तळपाय हातात घेतलात आणि डॉक्टर म्हणाले तसा झटक्यानं वर दाबला. पाय आपोआप थडथड उडायला लागला. पडद्यावर डॉक्टर मोजत होते, इकडे तुम्ही मोजत होता. मग भिंतीच्या कडेनं मला चालवलंत, एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवून, आणि मोबाईल धरायला आशाताई. डॉक्टर नागपुरात होते, पण हात तुमचे होते.

त्याच दिवशी डॉक्टरांनी लघवीबद्दल विचारलं आणि मी खाली बघितलं. तुम्ही सगळ्यांना आत पाठवलंत, दार ओढलंत आणि हळूच विचारलंत, "बाई, कपडे ओले होते का? पूर्ण होत नाही असं वाटते का?" नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट मी तेव्हा बोलले. तेही याच आजारातलं आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तो प्रश्न मे महिन्यात कामी आला. ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर होता. सकाळी उठले तर दोन्ही पाय लाकडासारखे. आजाराचा नवा झटका आला म्हणून घरात रडारड, धान विकायची बोलणी, स्टेरॉईडसाठी नागपूरला न्यायची तयारी. तुम्ही घरी आलात, ताप बघितलात, लघवीची पट्टी लावलीत आणि तिथूनच डॉक्टरांना फोन केलात. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टरांनी समजावलं, अंग तापलं की आधीच खराब झालेल्या तंतूंमधून संदेश नीट जात नाहीत, जुनाच त्रास वर येतो. हा नवा झटका नाही. संसर्ग असताना स्टेरॉईड उगाच नको. अँटिबायोटिक, ओला टॉवेल, कूलर. पाचव्या दिवशी मी घरामागच्या सांदवाडीपर्यंत चालत गेले.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. प्रमाणपत्राचा अर्ज भरला आहे.

येत्या गुरुवारी पुन्हा कॉल आहे. रक्ताचा रिपोर्ट घेऊन येते. ऊन चढायच्या आत, आठच्या सुमारास, आणि पायीच येते.

तुमची,
उपकेंद्राच्या पायरीवरची पेशंट