रात्रपाळीचं जहाज

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबांचे डोळ्यांचे थेंब अजून चालू आहेत, तेव्हा हे पत्र आईच वाचून दाखवणार हे धरून मोठ्या अक्षरात लिहितेय. आई, मध्येच गाळू नकोस. लढाईचं काही आलं की तू चार ओळी खातेस, हे बाबांनाही ठाऊक आहे.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की मालवाहू जहाज कापून त्याचं विमानवाहू जहाज करता येतं का, आणि केलं तर ते चालतं का. जहाजांच्या फेरबदलांची रेखाटनं करून पोट भरणाऱ्या मुलीला हे विचारलंत, म्हणजे आता ऐकून घ्यावं लागणार!

असं एक जहाज खरंच केलं होतं. त्याचं मूळ नाव ‘हॅनोव्हर’. ब्रेमेनच्या गोदीत बांधलेलं, १९३९ साली पाण्यात सोडलेलं जर्मन जहाज. वेस्ट इंडीजकडून केळी आणायची, सोबत थोडे प्रवासी घ्यायचे, असा त्याचा धंदा. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४० मध्ये, एक ब्रिटिश क्रूझर आणि एक कॅनडाची विनाशिका यांनी त्याला कॅरिबियन समुद्रात गाठलं. जर्मन खलाशांनी पाणी आत सोडलं, आग लावली, म्हणजे शत्रूच्या हाती काही लागायला नको. तरीही ब्रिटिशांनी ते ओढत जमैकाला नेलं आणि वाचवलं. पुढे नावं बदलत गेली, ‘सिंदबाद’, ‘एम्पायर ऑडॅसिटी’ आणि शेवटी नुसतं ‘ऑडॅसिटी’.

त्या वेळची अडचण अशी होती. जिब्राल्टर आणि ब्रिटन यांच्यात ये-जा करणाऱ्या व्यापारी जहाजांच्या ताफ्यांवर फ्रान्सच्या किनाऱ्यावरून उडणारी कॉन्डोर जातीची चार इंजिनांची जर्मन विमानं घिरट्या घालायची. ती बॉम्ब तर टाकायचीच, पण ताफा कुठे आहे हे पाणबुड्यांना कळवायची, आणि खरं नुकसान त्याने व्हायचं. किनाऱ्यावरची लढाऊ विमानं इतक्या लांब पोचत नव्हती. मोठी विमानवाहू जहाजं मोजकी, ती ताफ्यांमागे कोण अडकवणार? मग मालवाहू जहाजाच्या नाळेवर फळी बसवून रॉकेटच्या धक्क्याने एकच हरिकेन लढाऊ विमान हवेत फेकायचं, असा एक उपाय निघाला. विमानाला परत उतरायला जागा नाही. किनारा जवळ नसेल तर वैमानिकाने समुद्रात पडायचं आणि कोणीतरी उचलेपर्यंत थांबायचं. एकदा वापरून विमान फेकून द्यायचं, हे ऐकूनच तुमच्या कपाळावर आठ्या पडतील.

म्हणून इंग्लंडच्या ब्लाइथच्या गोदीत या केळीवाल्या जहाजाचा वरचा सगळा संसार उतरवला आणि त्यावर सुमारे ४६० फूट लांब, ६० फूट रुंद सपाट डेक चढवला. उतरणाऱ्या विमानाचा हूक पकडायला आडव्या तारा लावल्या. जून १९४१ मध्ये जहाज नौदलात दाखल झालं. माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं तर ही फार काटकसरीची रचना आहे. डेकखाली हँगर, म्हणजे विमानं ठेवायची बंदिस्त जागा, नाही, विमान खाली न्यायची लिफ्ट नाही. सहा मार्टलेट जातीची लढाऊ विमानं उघड्यावर, डेकच्या मागच्या टोकाला दोरखंडांनी बांधलेली. एखादं परत आलं की बाकीची ढकलत पुढे न्यायची. मग पुन्हा उडायचं म्हटलं की सगळी ढकलत मागे. आणि मागे सहा विमानं उभी असली की पहिल्याला धावायला तेवढी लांबीही मिळत नाही.

गंमत म्हणजे खालच्या प्रवासी केबिन तशाच राहिल्या होत्या, आणि वैमानिक स्नानगृहांसकट त्या ऐटीत राहायचे. वर मेकॅनिक मात्र उघड्यावर. बाबा, मला तुम्हाला खरं सांगायचंय ते या मेकॅनिकांचं. दिवसभर विमानं उडणार, म्हणजे दुरुस्तीला उरते ती रात्र. पाणबुड्यांच्या भीतीने जहाजावर अंधार. अटलांटिकचा वारा, हलणारा डेक, अंगावर खारं पाणी, आणि कपड्याने झाकलेल्या टॉर्चच्या उजेडात इंजिनावर वाकलेली माणसं. हातातून एखादा नट निसटला की गेला समुद्रात. तुम्ही रात्रपाळीहून यायचात तेव्हा तुमच्या नखांत काळं असायचं आणि आई पहिल्यांदा गरम पाणी काढायची. वाचताना तेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं. तुमच्या डोक्यावर निदान छप्पर होतं!

आणि एवढ्या मेहनतीचं चीज झालं. सप्टेंबर १९४१ मध्ये पहिल्याच ताफ्यासोबत जाताना मार्टलेटनी एक कॉन्डोर पाडलं. नोव्हेंबरात एरिक ब्राऊन नावाच्या तरुण वैमानिकाने समोरासमोर जाऊन गोळ्या झाडल्या आणि आणखी एक पाडलं. पण त्याच फेरीत त्यांच्या तुकडीचा प्रमुख मारला गेला.

शेवटची फेरी डिसेंबरातली. १४ तारखेला ३२ व्यापारी जहाजं घेऊन ताफा जिब्राल्टरहून निघाला. संरक्षणाचा प्रमुख फ्रेडरिक वॉकर. पुढे पाणबुड्यांचा काळ म्हणून नाव कमावलं, तोच. १७ तारखेला मार्टलेटनी पाण्यावर आलेली एक पाणबुडी हेरली. तिच्या तोफेने एक विमान पाडलं, वैमानिक गेला, पण युद्धनौकांनी तिला पळू दिलं नाही. २१ तारखेपर्यंत अशा चार पाणबुड्या बुडाल्या. उलट जर्मनांनाही कळून चुकलं होतं की आधी हे उडत्या डेकचं जहाज बुडवायला हवं.

आई, इथून पुढचं गाळावंसं वाटेल, पण वाच. २१ डिसेंबरच्या रात्री ‘ऑडॅसिटी’ ताफ्यापासून बाजूला गेली. कॅप्टनला सोबत एक छोटी युद्धनौका हवी होती, वॉकरकडे द्यायला शिल्लक नव्हती. कॅप्टन ज्येष्ठतेने वरचा, त्यामुळे वॉकरला त्याला हुकूम करता येईना. त्यातच ताफ्याच्या मागच्या बाजूला एका नॉर्वेजियन जहाजाला पाणतीर लागला आणि घाबरलेल्या व्यापारी जहाजांनी आकाशात प्रकाशाची नळकांडी सोडली. त्या लख्ख उजेडात ‘ऑडॅसिटी’ ठळक दिसली. यू-७५१ या पाणबुडीचा पहिला पाणतीर इंजिनरूममध्ये लागला, जहाज मागून बसलं, आणि थोड्या वेळाने आणखी पाणतीर आले. ७३ माणसं गेली, कॅप्टनही त्यांत. पाण्यात पडलेल्यांपैकी बरेच जण थंडीने गेले. ब्राऊन वाचला, आणि आयुष्यभरात विमानवाहू जहाजांवर २,४०७ वेळा उतरण्याचा विक्रम करून २०१६ मध्ये ९७ व्या वर्षी वारला.

जहाज समुद्रावर लढलं ते जेमतेम चार महिने. आपल्या साहेबी भाषेत प्रयोग फसला म्हणावं तर तसं नाही, कारण त्या ताफ्यातल्या ३२ व्यापारी जहाजांपैकी दोनच बुडाली. अमेरिकेनेही त्याच जूनमध्ये ‘मॉर्मॅकमेल’ या मालवाहू जहाजाचं ‘लाँग आयलंड’ केलं होतं, आणि मग अशी जहाजं ढिगाने निघाली. ब्रिटिशांनी धान्य आणि तेल वाहणाऱ्या जहाजांवरही डेक चढवले, म्हणजे माल पोचवायचा आणि वाटेत पाणबुड्याही शोधायच्या. धान्यवाल्यांना हँगर मिळाला. तेलवाल्यांची विमानं मात्र उघड्यावरच राहिली! माझ्या हातात असतं तर मी आधी त्यांना आडोसा दिला असता, पण तेलाच्या टाक्यांवर हँगर कुठे बसवणार हे मलाही सुचलेलं नाही.

बाबा, त्यावर विचार करून सांगा. आणि हेही सांगा, की डेक हलतोय, एका हातात टॉर्च धरलाय, तर इंजिनाचं झाकण उघडताना सुटे नट कुठे ठेवायचे? तुमची काही युक्ती असणारच. आईला लिहून घ्यायला लावा, थेंब संपेपर्यंत स्वतः लिहू नका.

तुमची,
मनू