मेळावा झाला, यादीचे काय?

मा. संपादक, स. न. वि. वि.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेला पुण्या-हैदराबादची मंडळी घरी येतात, म्हणून जानेवारीत सोलापुरातल्या महाविद्यालयांत माजी विद्यार्थी मेळावे भरतात. फेटे बांधले जातात, जेवणावळ होते, व्यासपीठावरून लाखांच्या देणग्या जाहीर होतात. मार्च उजाडला की त्यातले खात्यावर किती आले, हे सांगायला माणूस सापडत नाही. ‘समन्वयक’ म्हणून एखाद्या प्राध्यापकाचे नाव कागदावर असते. तास, पेपर तपासणी आणि नॅकच्या (महाविद्यालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या) फायली उरकून वेळ उरला, तर तो हे काम बघणार. आमचे म्हणणे साधे आहे. पुढच्या मंडपाचा खर्च निम्मा करा, एक पूर्णवेळ माणूस पगारावर नेमा (टक्केवारीवर नको, टक्केवारी आली की देणगीदार दुरावतो) आणि पहिले वर्षभर त्याला पैसे मागू देऊ नका. त्याने फक्त यादी करावी.

यादी हे दिसते तितके सोपे काम नाही. जनरल रजिस्टरमध्ये मुलींची माहेरची नावे असतात. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव बदलते, आणि वर्गातल्या मुली यादीतून गळतात. मेळाव्याच्या फोटोत पुरुषच जास्त का दिसतात, याचे एक कारण इथे आहे. आपल्याकडच्या तेलुगुभाषक घरांत आणखी एक अडचण येते. एकाच ‘येमूल’ आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग प्रवेश अर्जावर एक, गुणपत्रिकेवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे असते. म्हणून नावावरून जुळवत बसू नये. जन्मतारीख, शाखा आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष ही तीन घरे जुळली, तर माणूस बहुधा तोच.

नवे पत्ते मिळवायची सर्वांत चांगली जागा म्हणजे कार्यालयाची खिडकी. ट्रान्स्क्रिप्ट, दुय्यम गुणपत्रिका, पदवी पडताळणी यासाठी माजी विद्यार्थी वर्षभर आपल्या पायांनी तिथे येतात. पावतीबरोबर एक पानी फॉर्म द्या: मोबाइल, ई-मेल, गाव, व्यवसाय, माहेरचे नाव. खाली संपर्काला संमती असल्याची खूण हवीच, कारण वैयक्तिक डेटाबाबत २०२३चा कायदा आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवरून नंबर उचलून यादी फुगवणे बंद झाले पाहिजे.

विद्यापीठाची गोष्ट थोडी निराळी. आपले सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ला सुरू झाले. त्याआधीच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. म्हणजे साठीला आलेला, देण्याच्या स्थितीतला सोलापूरकर विद्यापीठाचा माजी विद्यार्थी नाहीच. त्याचा जीव दयानंद, संगमेश्वर अशा महाविद्यालयांत अडकलेला असतो. विद्यापीठाने त्याला थेट पत्र पाठवण्याऐवजी त्याच्या महाविद्यालयाचा हात धरून जावे.

आता पैशांकडे. मेळाव्यात क्यूआर कोडचा फलक लावतात आणि संध्याकाळी बँकेच्या उताऱ्यावर फक्त यूपीआय आयडींची रांग दिसते. नाव अर्धवट, पॅन नाही. देणगीदारांचे १०बीडी विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरावे लागते. त्यात देणगीदाराचा ओळख क्रमांक लागतो, आणि ते भरल्याशिवाय देणगीदाराला द्यायचे १०बीई प्रमाणपत्र निघत नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. तेव्हा कोडशेजारी टेबल टाकून नाव, पॅन आणि उद्देश लिहून घ्यावा. रोख २,००० रुपयांवर गेली की ८०जीची (देणगीवरची आयकर) वजावट मिळत नाही, हेही तिथेच सांगावे. तसे पाहता नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही, आणि नोकरदार आता बहुतेक तिकडेच आहेत. ‘कर वाचेल’ म्हणून मागण्यापेक्षा कशासाठी हवे ते सांगून मागावे.

कायम निधीची देणगी असेल तर तसे देणगीदाराकडून लेखी घ्या. तोंडी शब्द हिशेब तपासनीस मानत नाही. गणितही आधीच मांडा: १० लाखांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी ६५ हजार येतात. १२ हजारांच्या पाच शिष्यवृत्त्या दिल्या तर ५ हजार उरतात, ते मुद्दलात टाका. तसे न केल्यामुळे जुन्या पारितोषिकांची काय दशा होते, ते पाहा. कधीकाळी ठेवलेल्या ५ हजारांवर सात टक्क्यांनी ३५० रुपये व्याज येते. त्यात पदक सोडा, त्याची डबीसुद्धा धड येत नाही. अशा ठेवींच्या घरच्यांना पत्र लिहून रक्कम वाढवायला सांगण्यात लाज कसली? बरेच जण आनंदाने देतात, त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

परदेशातून पैसे येणार असतील तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातल्या कमाईतून दिलेले चालते. परदेशी नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले तरी, ती विदेशी देणगी ठरते. त्यासाठी एफसीआरएची (विदेशी देणगी नियमन कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. आपल्या गल्लीतल्या शाखेत ती जमा करून घेतली तर निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

माजी विद्यार्थी संघ बंद पडतात ते मात्र फार साध्या कारणाने. कार्यकारिणी बदलते आणि धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट कोणी देत नाही. मग बँक नव्या सह्या घेत नाही, जुना खजिनदार बंगळुरूला गेलेला असतो, आणि पैसा खात्यात असून अडतो.

२०१६च्या विद्यापीठ कायद्यानुसार महाविद्यालय विकास समितीत किमान एक माजी विद्यार्थी असतो. त्या सदस्याने पुढच्या बैठकीत दोनच आकडे मागावेत: जानेवारीत जाहीर झालेल्यांपैकी जमा किती झाले, आणि पावत्या किती गेल्या?

– महाविद्यालयीन निधी संकलनाच्या कामातील काही वाचक, जुळे सोलापूर