भरून येणारी गाडी रिकामी परतू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात अमरावती मार्गावरील वाडीच्या गोदामांतून माल घेऊन येणारी गाडी इतवारीत आमच्या दुकानांपुढे रिकामी होते आणि तशीच परत जाते. पुठ्ठ्याची खोकी, थर्माकोल आणि मालाभोवती गुंडाळलेली प्लॅस्टिकची पन्नी मात्र गल्लीतच राहते. कोरडा पुठ्ठा कबाडी लगेच उचलतो, पण तोच पावसात भिजला की त्याला कुणी विचारत नाही. थर्माकोल जागा फार अडवतो आणि वजनात भरत नाही, म्हणून तो सरळ कचरागाडीतून भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातो.

प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्लॅस्टिक वेष्टनाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांच्यावर स्पष्टपणे टाकली आहे. मात्र ही जबाबदारी पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊनही पूर्ण करता येत असल्याने, कंपनीचा हिशेब दूरच्या एखाद्या कारखान्यात जुळतो आणि नागपूरची पन्नी नागपुरातच पडून राहते. शिवाय हे नियम प्लॅस्टिकपुरते आहेत, पुठ्ठा त्यांत येत नाही.

कंपन्यांनी मालाची साठवणूक आणि वाहतूक बाहेरच्या संस्थांकडे सोपवली आहे, हे गैर नाही. पण त्या करारांत माल वेळेवर पोहोचणे, तूटफूट, कमी भरलेला नग यांचाच विचार असतो. परतीच्या फेरीत वेष्टन गोळा करण्याचे कलम त्यांत घातले जावे, त्याचा किलोमागे दर ठरावा, गोदामात वजन होऊन त्याची पावती दुकानदारालाही मिळावी आणि ते वेष्टन पुढे कोणत्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडे गेले याची नोंद त्याच पावतीवर असावी. नोंद नसेल तर गोळा केलेली पन्नी एखाद्या नाल्याकाठी टाकली गेली तरी कुणाला कळणार नाही.

थांबण्यात वेळ जातो आणि घाणेरड्या मालाने गाडी खराब होते, ही वाहतूकदारांची तक्रार रास्त आहे. म्हणून खोकी चपटी करून, चिकटपट्टी काढून, पन्नी वेगळी बांधून ठेवणे हे आम्हा दुकानदारांचे काम समजावे आणि चालक-हमालांना या कामाचे वेगळे पैसे द्यावेत. आज याच पुठ्ठ्यावर ज्यांचे घर चालते त्या कबाडी आणि कचरावेचकांना गोदामातील वर्गीकरणाचे काम आधी मिळावे. त्यांना वगळून केलेली व्यवस्था मला मान्य नाही.

महापालिकेने आणि नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्सने वाडीतील वाहतूक संस्थांना एकत्र बोलावून, दिवाळीच्या मालाची आवक सुरू होण्यापूर्वी निदान इतवारी आणि गांधीबागेत हा प्रयोग करावा, ही विनंती.

आपला,
एक घाऊक व्यापारी, इतवारी, नागपूर