मॅकबेथचे कपडे आणि फिटिंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत डिग्रीच्या पोरांसाठी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकावर लेख आला, चांगलाय, पण 'नाटकातले कपडे म्हणजे ढोंग' असं एका ओळीत उरकलंय ते काय पटलं नाही बघा. वडगावात माझं टेलरिंगचं दुकान आहे, इंग्लिश घेऊन बीए केलं आणि मशीनवर बसलो, म्हणून लिहायलोय.

ढोंग आहेच की. मॅकबेथनं राजा डंकनचा खून केल्यावर बायको त्याला नाइटगाऊन घालायला सांगते, का तर आपण जागेच होतो असं लोकांना कळू नये. पण बाकी बहुतेक ठिकाणी बोलणं फिटिंगचं आहे. खुनाच्या आधी, राजानं कॉडॉरची सरदारकी दिली म्हणून रॉस हा सरदार सांगतो तेव्हा मॅकबेथ विचारतो, मला उसने कपडे कशाला घालताय? सोबतचा सेनापती बँको त्याच प्रवेशात म्हणतो, नवा मान नव्या कपड्यासारखा, वापरल्याशिवाय अंगाला बसत नाही. पुढं मॅकबेथ राजा होणार म्हटल्यावर सरदार मॅकडफला धास्ती, नव्यापेक्षा जुनेच कपडे बरे होते म्हणायची पाळी येऊ नये. आणि पाचव्या अंकात अँगस हा सरदार तर काय ठेवतच नाही, राक्षसाचा झगा बुटक्या चोरानं घातल्यागत ह्याची पदवी अंगावर लोंबायलीय म्हणतो. शेक्सपिअरच्या अभ्यासक कॅरोलाइन स्पर्जन बाईंनी 1935 च्या पुस्तकात ही वाक्यं शेजारी-शेजारी ठेवून दाखवलीत.

मला गंमत वाटते ती वेगळीच. सरदारकी राजानं स्वतः दिलेली, हक्काची, तिला हा उसनी म्हणतो, आणि गादी खून करून बळकावली तर तिला उसनी म्हणत नाही, ढगळ झालंय ते दुसऱ्यांनीच बोलायचं. गिऱ्हाईक पण असंच असतं, झगझगीत कोट अंगात चढला की उतरलेले खांदे त्याला सोडून सगळ्यांना दिसतात.

शेवटच्या लढाईआधी मॅकबेथचा माणूस सेटन म्हणतो अजून गरज नाही, तरी ह्याला चिलखत पाहिजेच, परत लगेच काढ म्हणतो. पहिल्या अंकात ज्याचं कौतुक होतं तो लढवय्या, त्याच्या मापाचा कपडा तेवढाच होता असं माझं मत.

आपल्याकडच्या हौशी मंडळींनी हे नाटक केलं तर कपडेपट भाड्याचाच असणार (उसनेपणाची सोय आयतीच!), पण तिसऱ्या अंकापासून राजाच्या झग्याचे शोल्डर दोन इंच मोठे ठेवा आणि मागून पिना मारून टाइट करू नका. झगा घेऊन या, अल्टर करून देतो.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव