चौऱ्याण्णव टक्क्यांचा पंच

अटलांटा,
१४ फेब्रुवारी २०२६

प्रिय विन्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचून हसू आवरेना. ‘शंभरातले चौऱ्याण्णव निकाल बरोबर देणाऱ्या अंपायरला तुमच्या बेसबॉलमध्ये शिव्या घालतात? आमच्याकडे असा गावला तर तालुका मिरवणूक काढेल त्याची!’ दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. शिवाय तू स्वतः रविवारी उन्हात उभा राहून पायचीतचे निकाल देतोस, तेव्हा यातलं दुखणं तुला सांगायला नको.

पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, असतो साडेसाठ फुटांवर. होम प्लेट, म्हणजे बॅटरच्या पुढ्यातली जमिनीवरची पाटी, १७ इंच रुंद. ताशी ९५ मैलांचा चेंडू हातातून सुटला की सुमारे ०.४ सेकंदात प्लेटवर, तोही वाटेत वळत, बुडत. बॅटरनं बॅट फिरवली नाही तर पंचानं तिथल्या तिथं सांगायचं, स्ट्राइक (ठरलेल्या चौकटीतून गेलेला) की बॉल (चौकटीबाहेरचा). या चौकटीची, म्हणजे स्ट्राइक झोनची, रुंदी प्लेटनं ठरते, पण उंची प्रत्येक बॅटरच्या अंगावर: खालची हद्द गुडघ्याच्या वाटीखाली, वरची खांदा आणि पँटची वरची कड यांच्या मधोमध. ही चौकट हवेतच असते, कुणी आखून ठेवलेली नसते. पंच वाकून उभा असतो कॅचरच्या, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारख्या गड्याच्या, मागे, बॅटरच्या बाजूच्या खांद्यावरून डोकावत. त्यामुळे पलीकडचा कोपरा त्याला तिरका दिसतो, आणि तिथं खाली आलेल्या चेंडूवर भलेभले फसतात.

आता तुझे ते ९४ टक्के. त्यात डोक्यावरून गेलेले आणि मातीत आपटलेले चेंडूही मोजलेत रे. ते मीही सोफ्यावर बसून बरोबर सांगेन. खरी परीक्षा कडेच्या चेंडूंची, आणि चुका सगळ्या तिथंच साठतात. बोस्टन विद्यापीठातून २०१९ मध्ये आलेल्या एका विश्लेषणात आदल्या हंगामातल्या चुका मोजल्या होत्या: ३४,२९४. म्हणजे सामन्यामागे साधारण १४. त्यानंतर पंच बरेच सुधारलेत, कारण प्रत्येक चेंडू कॅमेरे मोजतात आणि त्यावरून त्यांना गुण पडतात.

पण या चुका दोन्ही बाजूंना सारख्या वाटल्या गेल्या असत्या, तर कुणी एवढा गहजब केला नसता. २००७-०८ पासून चेंडूंचा माग ठेवणारी आकडेवारी हाती आली आणि अभ्यासकांना एक मजेशीर गोष्ट दिसली. तीन बॉल, शून्य स्ट्राइक असताना पंचाचा झोन फुगतो. चौथा बॉल दिला की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो ना! आणि शून्य बॉल, दोन स्ट्राइक असताना तोच झोन आक्रसतो, कारण तिसरा स्ट्राइक म्हणजे बाद. शेवटचा घाव आपल्या हातून पडू नये असं माणसाला वाटतंच. तू अकराव्या नंबरच्या पोराला पहिल्याच चेंडूवर पायचीत देताना बोट वर करायला जरा जास्त वेळ घेतोस की नाही, खरं सांग.

त्यात कॅचर महाबिलंदर. कडेबाहेरचा चेंडू झेलता झेलता मनगट असं अलगद आत आणतो की पंचाला स्ट्राइकच दिसावा. याला फ्रेमिंग म्हणतात. होझे मोलिना नावाचा कॅचर बॅटिंगमध्ये बेताचाच, पण या एका हातोटीवर त्याचं नाव झालं. मला ही कला मनापासून आवडते. लबाडी आहे, पण भर मैदानात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलेली.

अटलांटात मात्र या विषयावर जपून बोलावं लागतं. १२ ऑक्टोबर १९९७, नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना, मायामीत. पंच एरिक ग्रेग. त्यांनी बाहेरच्या बाजूला झोन इतका सैल सोडला की बॅट पोहोचणार नाहीत असे चेंडू स्ट्राइक ठरले. समोरच्या मार्लिन्स संघाच्या लिव्हान हर्नांडेझनं १५ जणांना स्ट्राइकआउट केलं, आमचे अटलांटाचे ब्रेव्हज २-१ नं हरले, पुढे मालिकाही गेली. झोन दोन्ही संघांना तोच होता हे खरं. इथल्या म्हाताऱ्यांना ते सांगून बघ!

उलट टोकाला पॅट होबर्ग. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात न खेळलेले १२९ चेंडू, आणि १२९ च्या १२९ निकाल बरोबर. पुढे त्याच माणसाची नोकरी गेली, बेसबॉलवर पैसे लावणाऱ्या मित्राबरोबर बेटिंगचं खातं वापरलं म्हणून. नजर शाबूत, अक्कल गहाण.

या हंगामापासून इथंही रिव्ह्यू येतोय. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. मागायचं फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरनं, टोपीवर टपली मारून, लगेच. डगआउटकडे, म्हणजे संघाच्या बाकाकडे, बघायचं नाही. यंत्रणा आपल्या ओळखीच्याच हॉकआयची, पण ‘अंपायर्स कॉल’ नाही. तसं बरोबरच आहे. पायचीतमध्ये पॅडला लागल्यानंतरचा मार्ग अंदाजानं काढावा लागतो, इथं चेंडू प्लेटवरून प्रत्यक्ष गेलेला असतो.

तरी एक मेख आहे. नियमातला झोन प्लेटइतका खोल आहे, चेंडू त्याला कुठंही चाटून गेला तरी स्ट्राइक. यंत्राचा झोन मात्र प्लेटच्या मधोमध उभ्या केलेल्या पातळ चौकटीसारखा, वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. पुढचा कोपरा चाटून बाहेर गेलेला चेंडू नियमानं स्ट्राइक आणि यंत्राच्या मते बॉल! मग पंच चुकला म्हणायचं ते कशाच्या हिशेबानं?

कोरियानं २०२४ पासून सगळाच निकाल यंत्राकडे दिला. मला ते नको वाटतं, त्यात कॅचरची कारागिरी मेली. दोन आव्हानं पुरेत. गेल्या वर्षी सरावसामन्यांत हे करून पाहिलं तेव्हा निम्म्याहून किंचितच जास्त निकाल फिरले. म्हणजे हातभर अंतरावरून बघणारे, तावातावानं टपली मारणारे खेळाडूही जवळपास निम्म्या वेळा चूकच होते. ते आता स्क्रीनवर सगळ्या स्टेडियमला दिसेल. पंचांना याचा गुपचूप आनंद होत असणार, मला तरी झाला.

मार्चअखेर हंगाम सुरू होतोय. इथल्या संध्याकाळी सातच्या सामन्याला तुझ्याकडे पहाटेचे साडेचार, तू तसाही तेव्हा धारा काढायला उठतोस. एखादा सामना बघ आणि पंचाच्या बाजूनं तुला काय वाटलं ते सविस्तर कळव. अंगठ्याचं चित्र पाठवलंस तर बघ! काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
राजा